कर्ता पाठीमागून येत आहे

परवा आमच्या कन्येच्या इंग्रजीच्या वहीत लाल शाईचा एक भला मोठा गोळा आला. गोळ्याच्या पोटात वाक्य होतं, 'बिहाइंड द टेंपल स्टँड टू ओल्ड ट्रीज.' कर्त्याखाली रेघ मारायची होती आणि क्रियापदाचं योग्य रूप भरायचं होतं. रेघ 'टेंपल'खाली होती आणि देऊळ एकच असल्यामुळे क्रियापदाला 'एस'ही लावलेला होता. अक्षर कन्येचं, अक्कल माझी. दोन मार्क गेले. बाबा बी.कॉम. आहेत यावरचा घरातला विश्वासही त्यांच्याबरोबर गेला.

"तुम्हीच म्हणालात ना बाबा, पहिलं नाम दिसेल तो कर्ता म्हणून?"

म्हणालो होतो. आम्हाला शाळेत तसंच शिकवलं होतं. पहिल्या बाकावर बसतो तो कर्ता, मधल्यावर क्रियापद, शेवटी कर्म. आमच्या वर्गातही पहिल्या बाकावरचीच पोरं काहीतरी करत, त्यामुळे नियम पटला. तो फक्त सरळ बसलेल्या वाक्यांना लागू आहे हे त्या वेळी कोणी बोललं नाही.

मग माळ्यावरून रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण काढलं. त्यात सुरुवातीलाच कबुली आहे की कर्ता बहुधा आधी येतो, पण कधी कधी विधेयाच्या मागूनही येतो. आणि हे सगळं एका वाक्यात उरकलंय! रागच आला. यातले रेनसाहेब म्हणजे हिंदुस्थानात शिक्षणखात्यात नोकरी केलेले, आणि १९२४ साली 'बो जेस्त' ही साहसकथा लिहून नाव कमावलेले गृहस्थ. रहस्यकथा लिहिणाऱ्याला कर्ता उशिरा का आणावा हे ठाऊक नसेल? "दार उघडलं आणि आत आला..." एवढं म्हणून थांबायचं, वाचकाला घाम फुटू द्यायचा, मग नाव सांगायचं. धंद्यातलं गुपित माहीत असूनही त्यांनी ते व्याकरणात फोडलं नाही.

बरं, वाक्याला 'उलटं' म्हणायचं तरी कोणाच्या बाजूनं? तेच मी कन्येला मराठीत विचारलं. "देवळामागे दोन जुनी झाडं उभी आहेत. उभं कोण?" ती म्हणाली, "झाडं." क्षणाचा विलंब नाही. देवळाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे साहेबाचं जे उलटं, ते आमचं मुळातच सुलटं! आधी जागा सांगायची, मग तिथं काय आहे ते सांगायचं, ही आपली रोजची रीत. "फडताळात लाडू आहेत" असंच आपण म्हणतो. "लाडू फडताळात आहेत" हे लाडवांचा तपास लागल्यावरचं वाक्य. नवी बातमी शेवटी येते, साधा हिशेब आहे. आणि पाठ्यपुस्तकं काय सांगतात? 'पुढील वाक्ये नैसर्गिक क्रमाने लिहा.' म्हणजे पोरांनी झाडं उचलून देवळाच्या पुढं आणून ठेवायची. वाक्य शुद्ध राहतं, बातमी मरते.

इंग्रजीत ओळखायची खूण सोपी आहे, ती कोणी सांगत नाही एवढंच. 'बिहाइंड', 'ऑन', 'अंडर' असल्या शब्दांच्या दाव्याला बांधलेलं नाम कर्ता होऊच शकत नाही. ते आधी सोडून द्यायचं. मग उरलेल्यांपैकी कोणाला एकाचं दोन केलं की क्रियापद हलतं ते पाहायचं. ते ज्याच्या तालावर नाचेल तो मालक. (ही खूण मराठीत मात्र चालवू नये. 'गोविंदाने पोळ्या खाल्ल्या' यात क्रियापद सरळ पोळ्यांच्या पंगतीला जाऊन बसतं आणि गोविंदा 'ने' लावून उपाशी. तेव्हा साहेबाला फार हसण्यात अर्थ नाही.)

दुसरी एक जात आहे, ती खरी बेरकी. 'नेव्हर', 'रेअरली' असा नकाराचा शब्द पहिला बसला की अख्खं क्रियापद पुढं येत नाही, फक्त त्याचा मदतनीस येतो. मदतनीस नसला तर 'डू' नावाचा बदली कामगार भरती होतो. 'रेअरली डज द मॅनेजर स्माइल.' इथं 'स्माइल'चा 'एस' काढून 'डू'च्या गळ्यात घातलाय आणि बिचारा मॅनेजर दोघांच्या मध्ये चेपून बसलाय. हे वाक्य मला फार आवडतं, पण व्याकरणासाठी नव्हे.

मात्र याच जातीनं मला एकदा चांगलाच हात दाखवला. शाखेतून ग्राहकांना जायचं पत्र मी लिहिलं होतं. 'इफ' लिहिणं मला जरा पोरकट वाटलं, म्हणून ऐटीत सुरुवात केली, 'शुड यू विश टू क्लोज द अकाउंट...' 'इफ' गाळून 'शुड' पुढं घेतला की त्याचा अर्थ 'जर' होतो. मला ठाऊक होतं. चार दिवसांनी एक वृद्ध पेन्शनर पत्राची घडी हातात घेऊन काउंटरशी उभे. हात किंचित थरथरत होता.

"तीस वर्षांचं खातं आहे माझं. ही गेली, तिचेही पैसे यातच आले. मी ते बंद करायची इच्छा धरावी का, असं बँक मला विचारते?"

"अहो काका, प्रश्न नाहीये तो."

"मग सुरुवात प्रश्नासारखी कशाला? सबंध पत्रात मला एवढंच नक्की कळलं की 'यू' म्हणजे मी."

कर्ता त्यांना पहिल्या झटक्यात सापडला होता. वाक्य माझं चुकलं होतं. व्याकरणाच्या नियमानं बिनचूक आणि तरीही चुकलेलं. रात्रभर या माणसाला झोप आली नसेल, आणि कशासाठी, तर मला 'इफ' पोरकट वाटला म्हणून. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तिथल्या तिथं मराठीत नवा मसुदा लिहून समोर ठेवला. 'खाते बंद करावयाचे असल्यास कळवावे.'

त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"हं. हे बरं आहे," ते म्हणाले. "पण कळवावे कोणी?"