‘ब्लॉक’ : नीरा डाव्या कालव्यावरील एका शब्दाची परीक्षा

परभाषेतील शब्दाला पर्याय शोधताना आपले परिभाषाकार बहुधा असे गृहीत धरतात की, मूळ शब्दाला एक नेमका अर्थ असतो आणि त्या अर्थाचा मराठी शब्द सापडला की काम संपले. हे गृहीत किती अपुरे आहे ते पाहण्यासाठी ‘ब्लॉक’ हा लहानसा, नित्याचा इंग्रजी शब्द घेणे सोयीचे होईल. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत तो शंभर वर्षांहून अधिक काळ नांदला आहे. तेथे त्याने धारण केलेला अर्थ सामान्य इंग्रजी कोशाच्या आधारे उलगडत नाही.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. मध्ययुगीन डच भाषेत हा शब्द झाडाच्या ओंडक्याचा वाचक होता. तेथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. ओंडक्याचे दोन धर्म आहेत. तो एकसंध असतो, आणि वाटेत पडला तर वाट अडवतो. या दोन धर्मांतून अर्थांच्या दोन शाखा फुटल्या. दगडाचा ठोकळा, छपाईचा ठसा, इमारतींचा समूह, जमिनीचा सलग तुकडा ही पहिल्या शाखेची अपत्ये होत; अडथळा, नाकेबंदी ही दुसऱ्या शाखेची. मराठीने दोन्ही शाखांतून उचल केली. छापखान्यातील चित्राचा ब्लॉक आणि चाळीतील खोली सोडून मध्यमवर्गीय कुटुंब ज्यात राहावयास गेले तो स्वतंत्र न्हाणीघराचा ब्लॉक पहिल्या शाखेतले. रेल्वेचा मेगाब्लॉक आणि भ्रमणध्वनीवर नकोशा माणसाला ‘ब्लॉक करणे’ दुसऱ्या शाखेतले. या सर्व ठिकाणी संदर्भ कळताच अर्थ कळतो, म्हणून येथे अधिक थांबण्याचे कारण नाही.

नीरेच्या कालव्यावरचा ब्लॉक मात्र निराळा आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण गावांच्या रक्षणासाठी हा कालवा हाती घेण्यात आला व १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी सुटले. अनुभव असा आला की, पाऊस बरा झाला की पाण्याला मागणी नसे आणि पाऊस ओढला की सर्वांची मागणी एकदम येई. शिवाय वरच्या भागात उसाची दाटी होऊन जमिनी पाणथळ व चोपण होऊ लागल्या. यावर उपाय म्हणून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘ब्लॉक पद्धती’ पुढे मांडली. ठराविक क्षेत्र आखून त्याला काही वर्षांच्या मुदतीने पाणी मंजूर करावयाचे, त्यातील साधारण तृतीयांश भागात ऊस घ्यावयाचा, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके, आणि ही जागा आलटूनपालटून बदलावयाची, असे तिचे स्थूल स्वरूप होते.

येथे शब्दाचा अर्थ कसा सरकला ते लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. आरंभी ब्लॉक म्हणजे नकाशावरील जमिनीचा तुकडा. पुढे उसाचा ब्लॉक, फळबागेचा ब्लॉक, दुहंगामी ब्लॉक असे प्रकार झाले आणि ‘ब्लॉक मंजूर झाला’ असे म्हटले जाऊ लागले. जमीन मंजूर होत नाही. मंजूर होतो तो हक्क. म्हणजे क्षेत्रवाचक शब्द हक्कवाचक झाला. जेथे हक्काची रेघ ओढली जाते तेथे तिच्या बाहेरचाही कोणी असतोच. ज्याचे रान ब्लॉकमध्ये नाही त्याला दर हंगामाला पाण्याचा अर्ज करणे आणि मंजुरीची वाट पाहणे भाग पडे. चारीच्या शेवटी असलेल्या इंदापूरकडील शेतकऱ्याला हे अधिकच जाचे. एकाला सलग क्षेत्र, दुसऱ्याला अडसर! ओंडक्याचे दोन्ही धर्म या एका शब्दात पुन्हा एकत्र आले. कोशकाराने नोंदवावयाचा विशेष हाच होय.

याला मराठीत जुना शब्द नव्हता काय? खानदेशात पांझरेच्या काठी ‘फड’ पद्धती होती. तीतही भिजणाऱ्या रानाचे भाग पाडून प्रत्येक भागात एकच पीक घेत आणि ते वर्षावर्षाने बदलत. विश्वेश्वरय्या नोकरीच्या आरंभी धुळे भागात होते, हे लक्षात घेता ब्लॉक म्हणजे फडाचेच इंग्रजी रूप असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु साम्य म्हणजे उगम नव्हे. फडाचा कारभार शेतकऱ्यांनी मिळून चालविलेला. ब्लॉक सरकारी खात्याने मंजूर केलेला. शिवाय बारामतीकडे ‘फड’ म्हणताच तोडणीला आलेला ऊस डोळ्यांपुढे येतो, किंवा तमाशाचा संच. तो शब्द तेथे आधीच कामात गुंतलेला होता.

आता शासकीय पर्यायाकडे वळू. १९५२ मध्ये सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेतील ‘ब्लॉक’ला ‘गट’ म्हटले गेले, आणि १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यानंतर ‘गटविकास अधिकारी’ हे पदनाम रूढ झाले. शब्द सुटसुटीत आहे यात शंका नाही. पण १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये सर्व्हे नंबरांच्या जागी आले तेही ‘गट’च. पंचायत समितीत गट म्हणजे अख्खा तालुका, तलाठ्याकडे गट म्हणजे एखाद्या शेतकऱ्याची जमीन, निवडणुकीत गट म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, आणि साखर कारखान्यात गट म्हणजे ऊसनोंदीचा विभाग! एका इंग्रजी शब्दाची अनेकार्थता टाळावयास निघालो आणि मराठी शब्दाला तेच ओझे दिले.

अनेकार्थता हा दोष नव्हे. भाषा अशीच वाढते. आमचा आक्षेप एवढाच की, कालव्यावरील ब्लॉकच्या जागीही ‘गट’ घातला तर क्षेत्र उरेल, हक्क मात्र लोपेल. जुने कागद वाचणाऱ्या उद्याच्या अभ्यासकाला कोणाच्या रानाला पाण्याची शाश्वती होती आणि कोणाच्या नव्हती, हे त्या शब्दावरून कळणार नाही. मोल्सवर्थच्या कोशाची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची, कालवा त्यानंतरचा. त्याला हा अर्थ ठाऊक असणे शक्य नव्हते. नंतरच्यांना ती सबब नाही. मराठी कोशात ‘ब्लॉक’ या नोंदीखाली, ठोकळा आणि बिऱ्हाड यांच्या जोडीला, ‘कालव्याच्या पाण्याचा मुदतबंद हक्क असलेले क्षेत्र, तो हक्क’ हा अर्थ ‘नीरा खोरे’ अशा स्थलनिर्देशासह यावयास हवा. शब्द परका असेल; त्याखाली भिजलेली आणि त्याच्यामुळे कोरडी राहिलेली जमीन आपलीच आहे.