ईगोरगाथेच्या अस्सलपणाचा वाद आणि झालिझन्याक यांचा ग्रंथ

मूळ पोथी नाहींशी झाली आणि हातीं केवळ तिची छापील प्रत राहिली, तर त्या लेखाचा अस्सलपणा कोणत्या प्रमाणानें ठरवावा? कागद, शाई, अक्षराचें वळण या नेहमींच्या कसोट्या तेथें निरुपयोगी ठरतात. रशियन वाङ्मयांत असा एक प्रश्न दीर्घकाळ गाजला. आंद्रेय झालिझन्याक (१९३५–२०१७) या भाषाशास्त्रज्ञांनीं त्याच प्रश्नावर २००४ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इतिहाससंशोधकांनीं अवश्य विचारांत घ्यावा अशा योग्यतेचा तो असल्यामुळें त्याचें परीक्षण येथें करीत आहों.

नोव्हगोरोद-सेव्हेर्स्कीचा राजा ईगोर स्व्यातोस्लाव्हिच यानें इ. स. ११८५ मध्यें पोलोव्हत्सी नामक भटक्या लोकांवर स्वारी केली. तींत पराभव पावून तो कैद झाला व पुढें निसटून स्वदेशीं आला. या प्रसंगावरील गाथेची एकुलती एक पोथी अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट मुसिन-पुश्किन यांच्या संग्रहीं आली. १८०० सालीं ती मॉस्को येथें छापली गेली, आणि १८१२ सालच्या मॉस्कोच्या आगींत पोथी जळून गेली. सम्राज्ञी कॅथरिनसाठीं केलेली एक नक्कल १८६४ सालीं उजेडांत आली, एवढाच काय तो दुसरा आधार.

संशयास बळ आलें तें दुसऱ्या एका लेखामुळें. १३८० सालच्या कुलिकोव्होच्या लढाईवरील ‘झादोन्श्चिना’ नांवाची कथा १८५२ सालीं छापली गेली. तिचीं कित्येक वाक्यें गाथेशीं इतकीं जुळतात कीं, एकानें दुसऱ्यावरून उचललें याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो कोणीं कोणावरून उचललें याचा. फ्रेंच पंडित आंद्रे माझों यांनीं १९४० मध्यें गाथाच मागाहून रचलेली आहे असें प्रतिपादन केलें. रोमान याकोब्सन यांनीं १९४८ मध्यें त्यांस सविस्तर उत्तर दिलें. १९६३ सालीं इतिहासकार अलेक्सांद्र झीमिन यांनीं ती अठराव्या शतकांतील योईल बिकोव्स्की या धर्मगुरूची कृति ठरविली. अमेरिकन अभ्यासक एडवर्ड कीनन यांनीं २००३ मध्यें तिचें कर्तृत्व चेक पंडित योसेफ डोब्रोव्स्की यांच्याकडे दिलें.

झालिझन्याक यांनीं या वादांतून काव्यगुणांची चर्चा बाजूस सारली आणि रशियन भाषेंतील ‘स्या’ या इवल्याशा आत्मवाचक शब्दाकडे लक्ष वेधलें. आजच्या रशियनमध्यें तो क्रियापदाच्या शेवटास कायमचा चिकटलेला असतो. प्राचीन रशियनमध्यें तो सुटा असे, आणि वाक्यांतील पहिल्या आघातयुक्त शब्दाच्या पाठोपाठ येई. त्यामुळें पुष्कळदां तो क्रियापदाच्या आधींच पडे. शतकें लोटलीं तसतसा तो क्रियापदाकडे सरकत गेला. चर्चच्या स्लाव्ह भाषेंत तर तो बहुधा क्रियापदामागूनच येतो. गाथेंतील त्याची जागा बाराव्या शतकांतील बखरींत आढळणाऱ्या संभाषणांच्या वळणाशीं जुळते. अशा शब्दांच्या स्थानाचा सामान्य नियम वाकरनागेल यांनीं १८९२ सालीं मांडला. नोव्हगोरोद येथील भूर्जपत्रें तर १९५१ पासून सांपडूं लागलीं. अठराव्या शतकांतल्या बनावटखोरानें हें सर्व कोठून शिकावें? जुन्या बखरी वाचून त्यानें तें कानानें टिपलें म्हणावें, तर त्याच्यापुढील बखरी उत्तरकालीन नकलांतल्या, नव्याजुन्याच्या मिश्रणाच्या होत्या. त्यांतून नेमकें जुनें तेवढेंच वेंचणें हें नियम ठाऊक असल्यावांचून होणारें काम नव्हे.

दुसरें प्रमाण आम्हांस याहूनही मार्मिक वाटतें. दोन्ही लेखांतील जुळणारे भाग व न जुळणारे भाग ग्रंथकारांनीं वेगळे काढले आणि वाक्यें जोडण्याची रीति तपासली. गाथेची रीति दोन्ही भागांत एकच आहे. झादोन्श्चिनेंत मात्र जुळणारे भाग गाथेच्या वळणाचे, तर उरलेले भाग निराळ्याच वळणाचे आहेत. ठिगळ कोणत्या वस्त्रावर आहे हें यावरून स्पष्ट होतें.

हीच कसोटी देशाभिमानाच्या विरुद्ध जातांनाही आपण स्वीकारणार काय, हा खरा प्रश्न आहे. चेक लोकांत १८१७ सालीं ‘सांपडलेल्या’ क्रालोव्ह-द्व्हूरच्या हस्तलिखितानें राष्ट्रीय अस्मितेस मोठा आधार दिला होता. यान गेबाउअर यांनीं १८८६ सालीं त्याच्या व्याकरणाची फेरतपासणी मागितली आणि लोकक्षोभ पत्करला; शेवटीं तें बनावट ठरलें. जें शास्त्र तेथें भक्षक झालें तेंच येथें रक्षक झालें. म्हणूनच त्याच्या निर्णयास किंमत आहे.

या दृष्टीनें झीमिन यांच्याशीं झालेलें वर्तन खेदजनक होय. १९६४ मध्यें त्यांच्या प्रबंधाच्या अवघ्या १०१ प्रती काढून चर्चा मर्यादित मंडळींत उरकण्यांत आली. संपूर्ण ग्रंथ २००६ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनीं, प्रसिद्ध झाला. त्यांचें मत चुकीचें होतें असें आज म्हणतां येतें. परंतु तें दडपल्यानें गाथेचा पक्ष बळकट न होतां उलट संशयितच झाला. ज्या मताचें खंडन उघड होऊं दिलें जात नाहीं, त्याच्याभोंवतीं सहानुभूतीचें वलय उभें राहतें.

ग्रंथाच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. भाषेवरून काळ ठरतो, कवीचें नांव ठरत नाहीं. गाथा स्वारीनंतर लागलीच रचली कीं कांहीं काळानें, हेंही निर्णायकपणें कळत नाहीं. गाथा लहान असल्यामुळें एकेका लक्षणाचीं उदाहरणें थोडीं आहेत. प्रमाणाचें बळ अनेक स्वतंत्र लक्षणांच्या एकवाक्यतेंत आहे, हें वाचकानें विसरूं नये. ग्रंथकारही अलौकिक प्रतिभेचा बनावटखोर सर्वथा अशक्य आहे असें म्हणत नाहींत. तो मानण्यासाठीं किती असंभाव्य गोष्टी एकत्र मानाव्या लागतात, तेवढें दाखवितात. संशोधकानें यापलीकडे जाऊंही नये.

मूळ हरवून नकलेवरच विसंबावें लागणारे लेख आमच्या दप्तरांतही थोडे नाहींत. त्यांविषयीं बोलतांना अलंकार आणि अभिमान यांच्या आधीं अव्ययांची व प्रत्ययांची साक्ष घ्यावी. लेखक जें जाणून लिहितो त्यांत तो फसवूं शकतो. जें नकळत लिहितो त्यांत क्वचितच.