प्रश्नांतील छल

गौतमानें न्यायशास्त्राचे सोळा पदार्थ सांगतांना वाद, जल्प आणि वितंडा हीं तीन निरनिराळीं मानलीं आहेत. सत्य ठरविण्यासाठीं चालतो तो वाद; छलाचाही आश्रय करून केवळ जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प; आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडतां दुसऱ्याचें नुसतें खंडन करीत सुटणें ही वितंडा. हे भेद आमच्या वाचकांस जुन्या पोथींतले वाटतील. परंतु रोज सायंकाळीं दूरचित्रवाणीवर पुढाऱ्यांच्या ज्या मुलाखती होतात, त्या पारखण्यास याहून चांगली कसोटी आम्हांस ठाऊक नाहीं.

आमच्या छत्रपति संभाजीनगराजवळचेंच उदाहरण घेऊं. येथून सुमारें २५ किलोमीटरवर खुलताबादेस औरंगजेबाची कबर आहे. ज्यानें १६८९ मध्यें संभाजी महाराजांचा वध करविला, त्याची ही कबर काढून टाकावी, अशी मागणी मार्च २०२५ मध्यें जोरानें पुढें आली. तेव्हां पडद्यावर पुढाऱ्यांस वारंवार विचारलें जाई : ‘कबर राहावी कीं जावी? एका शब्दांत सांगा.’ वस्तुतः हें स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असून त्यास १९५८ च्या केंद्रीय कायद्याचें संरक्षण आहे. राज्य सरकारनें मनांत आणलें म्हणून तें हलत नाहीं. संरक्षण काढावें काय, तें कोणीं व कोणत्या अधिकारानें, हा खरा प्रश्न. पण तो एका शब्दांत मावत नाहीं. ‘राहावी’ म्हणणारा औरंगजेबाचा भक्त ठरतो आणि ‘जावी’ म्हणणारा कायद्याचा वैरी. ज्याच्या मनांत महाराजांविषयीं भक्ति आहे आणि जो कायदाही मानतो, त्यास बोलण्यास जागाच उरत नाहीं. आणि अशीं माणसें आमच्या शहरांत थोडीं नाहींत. त्याच महिन्याच्या १७ तारखेस या वादावरून नागपुरांत हिंसाचार झाला व संचारबंदी लागली. त्याचा दोष एकट्या मुलाखतकारांच्या माथीं मारणें हाही छलच होईल. परंतु विचाराची वाट अरुंद करण्याचें कार्य त्यांनीं केलें, हें नाकारतां येत नाहीं.

दुसरी युक्ति वाक्छलाची. संस्कृतांत ‘नव’ म्हणजे नवीन आणि नऊही. एखाद्यानें ‘नव कांबळें’ म्हणतांच, ‘याजपाशीं नऊ कांबळीं कोठें आहेत?’ असें विचारून त्यास खोटा पाडणें, हें भाष्यकार वात्स्यायनानें दिलेलें उदाहरण आहे. आज वाक्यांतील एक शब्द उपटून तो पडद्याच्या तळाशीं फिरविला जातो. बोलणाऱ्याचा खुलासा पुरा होण्यापूर्वींच दुसरा प्रश्न येतो, आणि ‘यांच्यापाशीं उत्तर नाहीं’ असा निकालही लागतो.

पुढारी उत्तरें टाळतात, त्यांस कोंडीत धरल्यावांचून गत्यंतर नाहीं, असा आक्षेप येईल. तो आम्हांस बव्हंशीं मान्य आहे. कठोर प्रश्न विचारणें हें मुलाखतकाराचें कर्तव्यच होय. परंतु कठोर प्रश्न पुरावा समोर ठेवून उत्तराची वाट पाहतो. छलाच्या प्रश्नांत निकाल आधींच लिहिलेला असतो. न्यायालयांत वकीलही साक्षीदारास ‘होय कीं नाहीं’ असें दरडावून विचारतो, पण त्याच्यावर न्यायाधीश बसलेला असतो. शास्त्रार्थाच्या सभेंतही मध्यस्थ असे. येथें मध्यस्थच वादी, तोच न्यायाधीश, आणि प्रतिपक्षाचा आवाज बंद करण्याची कळही त्याच्याच हातीं!

आम्हांस खरी चिंता आहे ती पुढाऱ्यांची नव्हे, ते आपलें पाहून घेतील. चिंता आहे ती त्याच खोलींत बसून हें पाहणाऱ्या मुलांची. महाविद्यालयाच्या वादसभेंत प्रतिपक्षाचें वाक्य मध्येंच तोडणाऱ्या विद्यार्थ्यास टाळ्या पडूं लागल्या आहेत, आणि ‘मला थोडा विचार करूं द्या’ म्हणणारा हरला असें समजलें जातें. म्हणून आई-बापांस आमची एवढीच विनंति आहे कीं, पुढाऱ्याच्या उत्तरावर घरांत वाद घालण्यापूर्वीं, विचारलेला प्रश्न खरोखर प्रश्न होता काय, एवढें मुलांस एकदां विचारावें.