दोन, आठ, एक

बालभारतीच्या आठवीच्या विज्ञानात एका धड्याचे नाव आहे ‘अणूचे अंतरंग’. त्या अंतरंगातली मला सर्वांत आवडणारी ओळ तीन आकड्यांची आहे : २, ८, १. हे सोडिअमचे इलेक्ट्रॉन संरूपण. पहिल्या कवचात दोन इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात एक. आमच्या चिंचोटी गावापासून नायगाव-भाईंदरची मिठागरे लांब नाहीत. तिथल्या मिठाचा निम्मा जीव या ओळीत आहे.

ओळीचे पहिले सौंदर्य तिच्या मौनात आहे. केंद्रकाचा तिच्यात उल्लेखच नाही, तरी बेरीज केली की ते बोलू लागते. दोन, आठ आणि एक मिळून अकरा. म्हणजे आत प्रोटॉनही अकराच. मात्र शेजारच्या बारा न्यूट्रॉनांचा पत्ता ही बेरीज लागू देत नाही. प्रभार नसलेला हा कण शास्त्रज्ञांनाही असाच हुलकावण्या देत राहिला. रदरफोर्डने १९११ मध्ये केंद्रक मांडले; चॅडविकला न्यूट्रॉन सापडायला १९३२ उजाडले.

दुसरे सौंदर्य स्वल्पविरामांत. आकड्यांमधली ती जागा पोकळीची आहे. सोडिअमचे केंद्रक चिंचोक्याएवढे मानून चिंचोटी नाक्यावर ठेवले, तर अणूचा पसारा सुमारे अर्धा किलोमीटर होईल. जवळजवळ सगळे वस्तुमान त्या चिंचोक्यात. प्रोटॉनच्या सुमारे १८३६ पट हलके इलेक्ट्रॉन उरलेल्या आवारात. ते आवार वर्तुळांनी आखणे ही १९१३ मधल्या बोरची उपमा. पुढच्या पुंजयामिकीने वर्तुळे पुसली आणि इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगितले. उपमा जुनी झाली, पण ओळ टिकली.

तिचा सगळा भार मात्र शेवटच्या ‘एक’वर आहे. तिसऱ्या कवचात अठरांची सोय, आणि राहायला एकटाच! क्लोरीनची ओळ याला उत्तर देते : २, ८, ७. पहिली दोन पदे तीच, आणि शेवटी आठाला एक कमी. यमक इतके चोख जुळते की वर्गात आपण सहज म्हणतो, सोडिअम ‘देतो’, क्लोरीन ‘घेतो’.

इथे रसिकाने सावध व्हावे. सोडिअम दानशूर नाही. त्याचा तो एक काढायला ऊर्जा खर्चावी लागते, आणि क्लोरीनला तो मिळाल्यावर जी ऊर्जा सुटते तिने हा खर्च भरून निघत नाही. तोटा भरून काढते ती धन आणि ऋण आयनांची ओढ, स्फटिकात ते दाटीने शेजारी बसतात तेव्हा. दातृत्वाची कथा आपण रचलेली. ओळीत आहे तो हिशेब.

मिठागरात तर ही देवघेव कधीच होऊन गेलेली असते. खाडीच्या पाण्यात सोडिअम २, ८ होऊन आणि क्लोरीन २, ८, ८ होऊन पाण्याच्या रेणूंच्या गराड्यात वेगवेगळे फिरत असतात. मिठागरात पाणी अडवतात, ऊन ते उडवते, आणि दोन्ही ओळी एकमेकींखाली येऊन बसतात. ताटाच्या डाव्या कोपऱ्यात वाढलेले मीठ म्हणजे अशी असंख्य कडवी. फक्त त्यांतला तो ‘एक’ आता दुसऱ्या ओळीत गेलेला असतो.