इथेनॉलचा हिशेब कोणाच्या खात्यावर?

अकोल्यात गळीत हंगाम सुरू झाला, की अगस्ति कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांमागून वाट काढत जावे लागते. त्या गाड्यांना मागे टाकणाऱ्या मोटारीच्या टाकीत आता २० टक्के इथेनॉल असते. या मिश्रणाची आखणी करणारा, नीती आयोग व पेट्रोलियम मंत्रालय यांच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल ५ जून २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. तो शिक्षकांनी मुळातून वाचावा.

अहवालाने तोटे लपवलेले नाहीत, हे प्रथम सांगितले पाहिजे. निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकीचे मायलेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल, असे तो म्हणतो. याचा पडताळा आठवीचा वर्गही घेऊ शकेल. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे दहा लिटर मिश्रणात २९८, दहा लिटर पेट्रोलमध्ये ३२०. तूट ७ टक्के. आकडा जुळतो.

हीच मोटार पूर्ण इथेनॉलवर चालवायची म्हटली, तर १५ किलोमीटरच्या जागी साधारण १० मिळतील. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते. म्हणून इंधन सोडणारी यंत्रणाच बदलावी लागते. रबरी नळ्या व गॅस्केटही बदलावी लागतात. शिवाय थंडीत इथेनॉलची वाफ नीट होत नाही. ब्राझीलच्या मोटारींत यासाठी पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असे. डिसेंबरातल्या अकोल्याच्या पहाटे तिची आठवण व्हावी. इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त, हा गुण खरा. पण त्याचा लाभ जास्त दाबाच्या इंजिनाला होतो, जुन्याला नव्हे. कोणत्याही मिश्रणावर चालणारी नवी मोटार १७ ते २५ हजारांनी महाग पडेल, असा अहवालाचाच अंदाज आहे.

अहवाल आम्हांला अपुरा वाटतो तो यापुढे. घटीची भरपाई म्हणून करसवलतीचा विचार व्हावा, असे त्याने सुचवले. पण २०२४-२५ मध्ये इथेनॉलचा सरासरी खरेदीभावच लिटरला ७१.३२ रुपये झाला, आणि ग्राहकाला पंपावर मिश्रणाचा वेगळा, कमी भाव मिळाला नाही. ब्राझीलमध्ये दोन्ही इंधने शेजारी विकली जातात. इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्के भावाखाली असेल, तरच चालक ते घेतो. आपल्याकडच्या चालकाला हा भागाकार करायची संधीच नाही.

पाण्याचा आकडाही तपासून घ्यावा. उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला २८६० लिटर पाणी, असे अहवाल म्हणतो. टनभर उसातून १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल, आणि किलोभर साखरेला १६०० ते २००० लिटर पाणी, हे त्याचे गृहीत. भागाकार केला, तर उत्तर सुमारे २२९० ते २८६० येते. अहवालाने वरचेच टोक घेतले. मळीपासून इथेनॉल केले, तर हे पाणी साखर व इथेनॉल यांत कसे वाटायचे, हे या आकड्यातून कळत नाही. प्रवरेच्या काठच्या वर्गात ही वाटणी फळ्यावर करून पाहता येईल.