समाधान कोणाचे? : पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनातील विश्वास, दया आणि न्याय

१

ईश्वरावरील विश्वास, समाधान, दया आणि न्याय ही चार मूल्ये ख्रिस्ती चिंतनात सहसा एकत्रच उच्चारली जातात. त्यामुळे ती परस्परांना पूरक आहेत, असे गृहीत धरण्याची सवय अभ्यासकालाही जडते. प्रत्यक्षात त्यांच्यात एक ताण आहे. विश्वास आणि समाधान ही मूल्ये माणसाला आहे त्या स्थितीत स्थिर राहण्यास सांगतात. न्याय मात्र आहे ती स्थिती बदलण्याची मागणी करतो. दया या दोहोंच्या मध्ये उभी असते, आणि ती कोणत्या बाजूला झुकते यावर तिचे मोल ठरते. भुकेल्या माणसाला समाधानाचा उपदेश करणे हे धर्मकृत्य आहे की अन्याय, हा प्रश्न म्हणूनच केवळ ईश्वरशास्त्राचा राहत नाही. तो साहित्याचाही प्रश्न होतो, कारण त्याचे उत्तर उपदेशाच्या आशयापेक्षा तो कोण, कोणाला आणि कोठून करतो यावर अधिक अवलंबून असते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची तुलना आजवर मुख्यतः भक्तिपरंपरेशी झाली आहे. ना. वा. टिळक तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आले, हे त्यांच्या नावे रूढ झालेले विधान या तुलनेचे प्रस्थानबिंदू ठरले. ही दिशा फलदायी आहे, यात शंका नाही. परंतु तिने प्रतिमा, छंद आणि भाव यांचा शोध जितका घेतला, तितका उच्चाराच्या स्थानाचा घेतला नाही. प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या आत्मपर लेखनाकडे या दृष्टीने पाहावयाचे आहे. समाधान आपल्यापुरते सांगितले असता ते साक्ष होते. दुसऱ्यावर लादले असता त्याला न्यायाच्या कसोटीला उतरावेच लागते, हा भेद या दोन लेखिकांनी आपापल्या परीने मराठी वाचकासमोर ठेवला, असे येथे म्हणावयाचे आहे.

२

हा भेद मूळ संहितेतच आहे. समाधानाविषयी सर्वाधिक उद्धृत होणारे पौलाचे विचार फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी येतात. तेथील ग्रीक शब्द 'ऑटार्केस' हा स्टोइक तत्त्वज्ञांच्या परिचयाचा. स्वयंपूर्ण, कोणावाचून काही न अडणारा, असा त्याचा अर्थ. पौलाने तो घेतला आणि त्याचा रोख बदलला. त्याच्या पत्राचा तो भाग वस्तुतः एक पोचपावती आहे : कैदेत असलेल्या पौलाला फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठविली होती आणि तो तिचा स्वीकार करीत आहे. म्हणजे समाधानाचे हे उद्गार देणाऱ्याचे नसून घेणाऱ्याचे आहेत. शिवाय ते स्वतःविषयी आहेत. पुढे हा संदर्भ गळून गेला आणि श्रीमंताने गरिबाला ऐकवावे असे सुभाषित मागे उरले.

विश्वासाचेही तसेच. आकाशातील पाखरे आणि रानातील फुले यांचा दाखला देऊन चिंता न करण्यास सांगणारा मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील प्रसिद्ध भाग देवाचे राज्य आणि 'डिकायोसुने' यांचा शोध घेण्याच्या आज्ञेपाशी येऊन पूर्ण होतो. या शब्दात नीती आणि न्याय हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. प्रचलित मराठी बायबलात त्याला 'नीतिमत्त्व' असा प्रतिशब्द आहे. तो चुकीचा नाही, पण मराठीत 'नीतिमत्त्व' व्यक्तीच्या वर्तनाकडे झुकते. समाजाच्या रचनेवर त्याचा प्रकाश फारसा पडत नाही. 'समाधान' या शब्दाची अडचण याहून सूक्ष्म आहे. वेदान्तातील शमदमादी साधनषट्कात श्रद्धा आणि समाधान ही दोन्ही आहेत आणि तेथे समाधान म्हणजे चित्ताची एकाग्रता. व्यवहारातील मराठीत त्याला शंकेचे निरसन आणि मनाची तृप्ती हे अर्थ चिकटले. ख्रिस्ती लेखकाने हा शब्द उचलला की त्याच्याबरोबर अंतर्मुखतेचा हा सारा वारसाही येतो आणि न्यायाशी असलेले त्याचे नाते वाचकाला सहजी दिसत नाही.

लूकच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्त या संदर्भात विशेष बोलका आहे. एक विधवा एका बेमुर्वत न्यायाधीशाकडे पुनःपुन्हा जाऊन न्याय मागते आणि अखेर तो कंटाळून तो देतो. येशूने हे उदाहरण दिले ते चिकाटीच्या प्रार्थनेचे, आणि शेवटी प्रश्न विचारला तो विश्वासाविषयीचा. विश्वासाची प्रतिमा येथे मुकाट्याने बसलेल्या भक्ताची नाही. दार ठोठावणाऱ्या, न्याय मागणाऱ्या विधवेची आहे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात या प्रतिमेला किती धार होती, हे वेगळे सांगावयास नको.

३

रमाबाईंच्या लेखनात विश्वासाची मीमांसा दुष्काळाच्या आठवणीपासून सुरू होते. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात भटकत असताना वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि पुढे मोठी बहीण अशी माणसे त्यांनी काही महिन्यांत गमावली. या काळाचे वर्णन करताना त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतात : देवतांच्या प्रीत्यर्थ केलेली व्रते-दाने आणि त्यांत संपलेला पैसा, तसेच श्रम करून पोट भरण्यास किंवा भीक मागण्यास आड येणारा कुलाचा व विद्येचा अभिमान. त्यांच्या टीकेचा रोख केवळ 'चुकीच्या' देवावर आहे असे मानणारा वाचक तिचे अर्धे मर्म गमावतो. श्रमाला कमी लेखणाऱ्या विश्वासावरही ती टीका आहे.

म्हणून पुढे त्या विश्वासाकडे वळल्या तेव्हा त्याचे रूप निराळे झाले. १९०७ सालच्या 'ए टेस्टिमनी' या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या जॉर्ज म्युलर, जॉन पेटन आणि चायना इनलँड मिशन यांच्या वृत्तान्तांचा आपल्यावर झालेला परिणाम नोंदवितात. केवळ ईश्वराच्या भरवशावर संस्था चालविणाऱ्यांच्या या कथा होत्या. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे आश्वासन मर्यादित मुदतीचे होते, हे लक्षात घेता या भरवशाला व्यावहारिक टोकही होते. पण केडगावच्या मुक्ती सदनातील भरवसा म्हणजे वाट पाहत बसणे नव्हते. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी मुलींना आणले. शेती, हातउद्योग आणि छापखाना उभा केला. हिब्रू व ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथल्याच स्त्रियांच्या हातून छापले गेले. पूर्वी जो श्रम कुलाभिमानाला कमीपणाचा वाटे, तोच येथे विश्वासाची भाषा झाला.

दया आणि न्याय यांचा संबंध त्यांना इंग्लंडमध्ये उमगला. फुलहॅम येथे 'पतित' मानलेल्या स्त्रियांसाठी चाललेले काम पाहून, आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून, आपल्याला ज्ञात असलेल्या धर्मशास्त्रात अशा स्त्रीला केवळ दंड आहे हे अंतर त्यांना जाणवले. केडगावात अशा स्त्रियांसाठी स्थापन झालेल्या गृहाला त्यांनी 'कृपा सदन' असे नाव दिले. 'कृपा' हा शब्द भक्तिपरंपरेत आधीच रुजलेला होता. येथे त्याला भिंती, छप्पर आणि दार मिळाले.

ही दया सत्तेपुढे मात्र मवाळ नव्हती. १८८७ च्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' मध्ये रखमाबाई खटल्याच्या संदर्भात त्यांनी ब्रिटिश न्यायव्यवस्थेवरही ठपका ठेवला. १८९७ साली पुण्यातील प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांना मिळालेल्या वागणुकीविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' मध्ये उघड पत्र लिहिले. ख्रिस्ती झालेली स्त्री ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राज्यकर्त्यांना जाब विचारते, हे तत्कालीन दोन्ही पक्षांना अडचणीचे होते. ईश्वरावरचा भरवसा म्हणजे सरकारवरचा भरवसा नव्हे, हे येथे निःसंदिग्ध होते.

४

लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) मध्ये प्रश्न संस्थेचा नाही, घरातला आहे. म्हणून तो अधिक नाजूक आहे. टिळकांचा विश्वास उत्कट, पैशाविषयीची उदासीनता खरी. हातात आले ते देऊन टाकावे, घरी कोणालाही आणावे, उद्याची चिंता करू नये, ही वृत्ती ग्रंथभर दिसते. शुभवर्तमानातील पाखरांचा आदर्श जगू पाहणारा हा माणूस आहे. पण त्या पाखरांसाठी दाणे निवडणारी, चूल पेटती ठेवणारी आणि आलेल्या निराधार मुलांना जेवू घालणारी व्यक्ती निवेदन करीत आहे. एकाचे समाधान दुसऱ्याच्या श्रमावर उभे आहे, हे सत्य ती तक्रारीच्या सुरात सांगत नाही, विनोदाने सांगते.

या विनोदाचे मूल्यमापन करताना मराठी समीक्षेने 'निर्मळ', 'प्रांजळ' अशी विशेषणे वापरली आहेत. ती योग्य असली तरी अपुरी आहेत. लक्ष्मीबाईंचा विनोद हिशेब ठेवतो. टिळकांच्या औदार्याची हकिगत ज्या वाक्यात रंगते, त्याच्याच पुढच्या वाक्यात घरातल्या रिकाम्या डब्याची आठवण येते, आणि वाचक हसता हसता कोणाच्या वाट्याला काय आले हे मोजू लागतो. त्या टिळकांना दोषी ठरवीत नाहीत, त्यांना संतही करीत नाहीत. दया आणि न्याय यांचा इतका समतोल मराठी आत्मचरित्रात क्वचितच साधला गेला आहे. टिळकांना क्षमा तर आहेच, पण क्षमा करताना त्यांच्या नावावरची बाकी पुसलेली नाही.

येथे तुकारामाचे स्मरण अपरिहार्य आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात कुटुंबातील माणसे गमावलेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. विरक्तीचे उदाहरण म्हणून सांगितली जाणारी ही कथा ऋणकोच्या बाजूने वाचली तर न्यायाची कथा होते. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही पापासाठी योजलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'ऋण' असाच आहे. टिळकांनी ज्या सेतूचा उल्लेख केला, त्याचा एक खांब येथे आहे. मात्र ती खते बुडाल्यावर देहूच्या घरात काय शिजले, हा प्रश्न विचारण्याची दृष्टी लक्ष्मीबाईंनी दिली.

५

हीच कसोटी या दोन लेखिकांनाही लावली पाहिजे. मुक्ती सदनातील मुलींच्या दुष्काळकथा आपल्यापर्यंत प्रायः रमाबाईंच्या किंवा संस्थेच्या शब्दांत येतात, आणि त्या परदेशी दात्यांनाही उद्देशून असतात. वाचलेल्या मुलीचे समाधान तिचे स्वतःचे होते की संस्थेच्या अहवालाची गरज होती, हे त्या लेखनातून नेहमीच ठरविता येत नाही. अहमदनगर भागातील ख्रिस्ती समाज बहुसंख्येने महार-मांग जातींतून आलेला होता; 'स्मृतिचित्रे' मध्ये तो जिव्हाळ्याने दिसतो, पण ब्राह्मण्य ओलांडून आलेल्या स्त्रीच्या नजरेतून. सोवळ्याच्या अतिरेकात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी जातिनिर्बंध टाकला, ही त्यांची कमाई मोठीच. तथापि, ज्यांच्यावर तो निर्बंध लादला होता त्यांचा उच्चार या ग्रंथात गौण राहतो. १९५० च्या राष्ट्रपती आदेशातील अनुसूचित जातींची व्याख्या १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांपर्यंत विस्तारली, ख्रिस्ती दलितांपर्यंत नाही. या समाजाला समाधान शिकविणाऱ्या प्रवचनांची संख्या मोठी आहे. त्याच्या न्यायाच्या मागणीचे साहित्य मात्र अभ्यासात अजून परिघावर आहे.

तौलनिक अभ्यासासाठी यातून एक मर्यादित, पण उपयुक्त सूचना निघते. भिन्न धर्मपरंपरांतील सद्गुणांची तुलना करताना समान कल्पनांची यादी करणे पुरेसे नाही. तृप्तीचे प्रत्येक विधान ज्या जागेवरून केले गेले, ती जागाही तुलनेत आणावी लागेल : बोलणारा तुरुंगात आहे की व्यासपीठावर, चुलीपुढे आहे की पाटावर. तुरुंगातल्या पौलाचे समाधान आणि भरल्या पोटाने सांगितलेले समाधान यांत शब्द एकच असतो. रमाबाईंनी त्यांतील अंतर श्रमाने आणि जाब विचारून दाखविले, लक्ष्मीबाईंनी हसून. दोघींनीही विश्वास सोडला नाही. पण त्या विश्वासाची किंमत कोण चुकवीत आहे, हे वाचकाला विसरूही दिले नाही.