लोटा आणि कॉन्सेप्ट नोट

चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला डिझाइन-शिक्षणाविषयी अहवाल दिला. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली ती त्यातूनच. अहवालात त्यांनी नमुना म्हणून काय घेतलं? आपला साधा लोटा! पाणी किती मावावं, कमरेवर कसा टेकावा, ओतताना तोल कसा राहावा... असे प्रश्न वस्तू हातात घेतल्यावरच सुचतात.

आजच्या शेवटच्या वर्षाच्या स्टुडिओत मात्र उलटं दिसतं. आधी कॉन्सेप्ट नोट, मग काम. आणि मी ज्या ज्युरींत बसलो, तिथे चर्चा झाली ती नोटेचीच. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, विचार नको असं कसं म्हणेन? पण हातानं केलेला विचार हाही विचारच असतो. त्याला गुण कोण देणार?